फोर-व्हील ड्राइव्हचा दिवा लुकलुकतो: पोझिशन सेन्सर गेला की वायरिंग?

जांभ्याची वाट (प्रश्न)

माझ्याकडे अकरा वर्षांची डिझेल एसयूव्ही आहे. फोर-व्हील ड्राइव्हसाठी तिला वेगळी दांडी नाही. डॅशबोर्डवरची कळ फिरवली की ट्रान्सफर केसवर (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीवर) बसवलेली छोटी मोटर टू-हाय (दोनच चाकांना ताकद), फोर-हाय (चारही चाकांना) किंवा फोर-लो (चारही चाकांना, कमी वेगात जास्त जोर) लावते. चिपळूणजवळच्या आमच्या काजूच्या बागेकडे जाणारा शेवटचा चढ पावसाळ्यात फोर-लोशिवाय चढता येत नाही, म्हणून ही सोय माझ्यासाठी हौसेची नाही.

गेल्या महिन्यापासून फोर-हाय लावले की दिवा लुकलुकत राहतो. तो कधी काही मिनिटांनी स्थिर होतो, कधी होतच नाही. फोर-लो तर आता लागणेच बंद झाले आहे. गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून गेल्यावर त्रास वाढतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा ट्रान्सफर केसच्या पोझिशन सेन्सरच्या (मोटर कोणत्या स्थितीत आहे हे सांगणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटचा बिघाड-कोड आला. सेन्सर सुटा मिळत नाही, त्यामुळे पूर्ण मोटर बदलावी लागेल, असे तेथे सांगितले. बॅटरी नवीन आहे आणि फ्यूज तपासले आहेत. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष खरोखर सेन्सरमध्येच आहे, हे कसे ठरवावे?

ओहमचा चेला

कोडमध्ये ‘सर्किट’ हा शब्द आहे, त्याकडे आधी लक्ष द्यावे. सर्किट म्हणजे सेन्सर, कनेक्टर, तारा, अर्थ (अर्थिंगची जोडणी) आणि कंट्रोल मॉड्यूल (सेन्सर वाचून मोटर चालवणारा छोटा संगणक) हे सगळे मिळून. यांपैकी कोणता दुवा तुटला, हे स्कॅनर सांगत नाही, आणि पुष्कळ गॅरेजांत मात्र कोड वाचला की निदान संपले असे मानले जाते.

आपल्या गाडीचा वायरिंगचा नकाशा मिळवा, कारण असे सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात तीन तारा असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल, मोटर फिरेल तसा सिग्नलचा व्होल्टेज सलग बदलत जातो. दुसऱ्या प्रकारात मोटरच्या आत एक संपर्कपट्टी असते आणि तिच्यावरून तीन-चार सिग्नल तारा निघतात. मॉड्यूल प्रत्येक तारेवर रोधकामधून साधारण ५ व्होल्ट देते. पट्टीवरचा संपर्क जुळला की ती तार अर्थला टेकून शून्यावर येते, नाहीतर ५ वर राहते. कोणत्या तारा वर आणि कोणत्या खाली, या जुळणीवरून मॉड्यूल स्थिती ओळखते. जुळणी त्याच्या तक्त्यात बसली नाही की दिवा लुकलुकतो आणि पुढचे शिफ्ट नाकारले जाते.

आपला सेन्सर दुसऱ्या प्रकारचा असेल, तर स्कॅनरवर या तारांची चालू स्थिती पाहता येते. सगळ्याच तारा कायम वर दिसत असतील तर सामाईक अर्थवर संशय घ्यावा. एकच तार अडकली असेल तर अर्थ ठीक आहे आणि दोष त्या एका तारेच्या मार्गावर आहे, असे समजून चालावे. नंतर मोटरजवळच्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने मल्टिमीटरचे टोक पिनपर्यंत नेऊन त्याच तारेचे व्होल्टेज मोजावे. तारेच्या आवरणात सुई खुपसून मोजू नका.

एक धोका ध्यानात असू द्या. शिफ्ट अर्धवट राहून ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये अडकली, तर गिअर टाकलेला असूनही गाडी घरंगळते. सपाट जागा, हँडब्रेक आणि चाकांना दगड, हे तिन्ही असल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये.

घाटमाथा

ओहम यांच्या पद्धतीबद्दल वाद नाही, परंतु लुकलुकणारा दिवा नेहमीच ट्रान्सफर केसबद्दल बोलत नसतो. काही गाड्यांत पुढचा अ‍ॅक्सल व्हॅक्यूमवर जोडला जातो आणि तो जोडला गेल्याची खूण देणारा स्विच वेगळा असतो. व्हॅक्यूमची नळी तडकली तरी दिवा असाच लुकलुकतो. शिवाय डांबरी रस्त्यावर फोर-हायमध्ये वळणे घेतली असतील, तर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि टू-हायवर परत येणे अडते. अशा वेळी गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की पीळ सुटतो. आपला कोड पोझिशन सर्किटचाच आहे, त्यामुळे या दोन्ही शक्यता कमी वाटतात, तरी त्या फुकटात तपासता येतात.

जांभ्याची वाट

दोघांचेही आभार. व्हॅक्यूमच्या नळ्या शाबूत आहेत आणि पिळाचा प्रश्न नाही. माझा सेन्सर संपर्कपट्टीचा, चार सिग्नल तारांचा निघाला. फोर-हाय लावल्यावर स्कॅनरवर तीन तारा बदलतात, तिसऱ्या क्रमांकाची तार मात्र कायम वर दिसते. येथपर्यंत सरळ होते. पुढे माझा गोंधळ झाला. मोटरजवळच्या कनेक्टरवर मोजले, तर तीच तार फोर-हायमध्ये नीट शून्यावर येते. कनेक्टर काढून हार्नेसच्या (मॉड्यूलकडून येणाऱ्या तारांच्या जुडग्याच्या) बाजूने मोजले, तर ४.९ व्होल्ट मिळतात. म्हणजे सेन्सर तार खाली ओढतो आहे आणि मॉड्यूलकडून व्होल्टेजही येते आहे. मग मॉड्यूलच बिघडले आहे का? तसे असेल तर मोटर परवडली, असे म्हणण्याची वेळ येईल.

ओहमचा चेला

मॉड्यूलला इतक्यात दोष देऊ नका. सेन्सर निर्दोष आहे, हे आपल्या पहिल्याच मोजणीने सिद्ध झाले. दुसऱ्या मोजणीने आपल्याला फसवले. डिजिटल मल्टिमीटर जवळपास प्रवाह घेतच नाही. त्यामुळे तार आतून कळकलेली असली आणि तिच्यात काही हजार ओहमचा रोध निर्माण झालेला असला, तरी सैल टोकाला पूर्ण व्होल्टेज दिसते. सेन्सर ते टोक अर्थला जोडतो तेव्हा मात्र प्रवाह वाहू लागतो, व्होल्टेज त्या कळकलेल्या जागी अडते आणि मॉड्यूलच्या टोकाला तार वरच राहते.

कनेक्टर जोडून फोर-हाय लावा आणि त्याच तारेचे व्होल्टेज मॉड्यूलच्या पिनवर मोजा. दोन्ही टोके शून्याजवळ आली तर मॉड्यूलवर संशय घेता येईल. मॉड्यूलकडे व्होल्टेज उरले तर दोष मधल्या तारेत आहे.

जांभ्याची वाट

मोटरकडे शून्य, मॉड्यूलकडे ३.८ व्होल्ट! बॅटरी आणि दोन्ही कनेक्टर काढून त्या तारेचा रोध मोजला, तर तार हलवली की आकडा बदलत होता. गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीजवळ हार्नेसची टेप सोडली, तेव्हा तिसऱ्या तारेच्या आवरणावर सुईच्या टोकाएवढे भोक दिसले. ते आवरण सोलले, तर साधारण दोन इंच तांबे हिरवे पडून भुकटी झाले होते. गेल्या वर्षी एका इलेक्ट्रिशियनने वेगळ्याच कामासाठी तेथे टेस्टलॅम्पची (तारेत वीज आहे का ते पाहण्याच्या दिव्याची) सुई टोचली होती, हे तेव्हा आठवले.

खराब भाग कापून तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा झाळला, वरून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवली आणि हार्नेस पट्टीपासून थोडा दूर बांधला. कोड पुसल्यानंतर बागेच्या चढावर फोर-लो पहिल्याच प्रयत्नात लागले. काल गाडी खालून मुद्दाम पाण्याच्या जोराने धुतली. कोड परत आलेला नाही.

घाटमाथा

आता टेप सुटलेलीच आहे, तर शेजारच्या तारांवरही तशी भोके आहेत का ते पाहून घ्या. टेस्टलॅम्प लावणारा माणूस क्वचितच एका तारेवर थांबतो.

जांभ्याची वाट

पाहिले. पहिल्या तारेवरही एक निघाले. तांबे अजून लाल होते, म्हणून तेथे नुसती नळी चढवून सील केले आहे.