प्रति: रॉडमनचे मूल्यमापन

अमेरिकी बास्केटबॉलपटू डेनिस रॉडमनबद्दलचे ‘रॉडमन म्हणजे रंगवलेले केस आणि भांडणे, खेळ बेताचाच’ हे मत मला मान्य नाही. कारकिर्दीत दर सामन्यात सरासरी जेमतेम 7.3 गुण मिळवणाऱ्या या 6 फूट 7 इंची खेळाडूने 1992 ते 1998 असे सलग 7 हंगाम रिबाउंडच्या (नेम हुकून उसळलेला चेंडू ताब्यात घेण्याच्या) सरासरीत एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये पहिला क्रमांक राखला. नाशिकमध्ये मुलांना बास्केटबॉल शिकवताना मी त्याचेच उदाहरण देतो, कारण कोणाचा फेकलेला चेंडू कसा फिरतो आणि रिंगवरून कोठे उसळतो, याचा त्याने चिकाटीने अभ्यास केला होता.

1997 मध्ये छायाचित्रकाराला लाथ मारल्याबद्दल झालेली 11 सामन्यांची बंदी योग्यच होती; मात्र पित्यासमान मानलेले प्रशिक्षक चक डेली 1992 मध्ये त्याचा तेव्हाचा डेट्रॉइट संघ सोडून गेल्यावर तो किती कोलमडला होता, हेही विचारात घ्यायला हवे.