जुन्या एमटीबीचा शॉकअप झिजलाय: उघडून दुरुस्त करायचा की सरळ बदलायचा?

घाटवाट

२०२० च्या लॉकडाउननंतर हौसेने घेतलेल्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, आता निम्म्या किमतीत विकायला येतात. घेणारा टायर बघतो, गिअर टाकून बघतो, पुढचा शॉकअप दोनदा दाबतो आणि पैसे देतो. पहिल्याच घाटउतारावर पुढचा ब्रेक लागला की हँडलखाली टक् टक् सुरू होतं. दुकानात नेली की उत्तर ठरलेलं: शॉकअप गेला, नवीन टाका.

मला हे पटत नाही. या सायकलींना येणारा साधा स्प्रिंगचा शॉकअप आतून फार गुंतागुंतीचा नसतो. वरचे दोन चकचकीत पाइप म्हणजे स्टॅन्शन, त्यांवर सरकणारे खालचे दोन पाय, पायांच्या आत बुश, म्हणजे पाइप ज्यांतून सरकतो त्या कड्या, तोंडाशी धूळ अडवणारं सील. एका पायात स्प्रिंग असते. दुसऱ्यात फार तर लॉकआउटचं, म्हणजे शॉकअप गच्च बंद करायचं, तेलाचं बंद कार्ट्रिज. दोन पावसाळे चिखलातून गेले की सीलखालचं ग्रीस वाळतं, त्यात बारीक माती बसते आणि शॉकअप जाम होतो. लोक याला 'गेला' म्हणतात. तो गेलेला नसतो, कोरडा पडलेला असतो.

आधी टकटक कुठून येते ते शोधा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि एक बोट हँडलखालच्या वाटीच्या सांध्यावर ठेवा. हलणं तिथे जाणवलं तर दोष हेडसेटचा, म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगचा आहे, वाटी आवळली की काम होतं. मग बोट सील आणि पाइप यांच्या सांध्यावर ठेवा. इथे हललं तर बुश झिजलेत. शेवटी पाइपवरून नख फिरवा. नख कुठेही अडकलं नाही, तर खालचे दोन बोल्ट सोडा, पाय खेचून काढा, सगळं पुसा, सीलच्या आत शॉकअपसाठीचं ग्रीस भरा आणि परत बसवा. चांगला पाइप असलेला शॉकअप भंगारात टाकणं मला चुकीचं वाटतं.

रविवारची राइड

पूर्ण असहमत. तुम्ही जो शॉकअप वाचवायला निघालात तो नवा असतानाही काय देत होता? वजन अडीच किलोच्या आसपास, रिबाउंडवर ताबा नाही. दगडावरून गेलात की स्प्रिंग दाबते आणि तेवढ्याच जोरात उसळते. उतारावर सलग तीन दगड आले की पुढचं चाक जमिनीवर कमी, हवेत जास्त. ग्रीस भरून तो नव्यासारखा होईल हे मान्य. पण नव्यासारखा म्हणजे तितकाच वाईट.

आणखी एक गैरसमज. वरची प्रीलोडची चकती फिरवली की शॉकअप 'कडक' होतो असं दुकानातही सांगतात. स्प्रिंग तीच राहते, फक्त आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते. ५५ किलोचा मुलगा आणि ९० किलोचा माणूस एकाच स्प्रिंगवर बसतात आणि दोघांनाही ती बरोबर बसत नाही. एअर शॉकअपमध्ये वजनाप्रमाणे हवा भरता येते. शॉकअप १०० मिमी दबणारा असेल तर नुसतं बसल्यावर २० ते २५ मिमी खाली जाईल इतकी हवा ठेवायची, झालं. पुढच्या चाकाची पकड तिथून सुरू होते. पैसे घालायचेच असतील तर तिथे घाला.

दुकान सांभाळणारा

मी रोज हेच काम करतो, म्हणून दुकानाची बाजू. 'नवीन टाका' आम्ही लुबाडायला म्हणतो असं समजू नका. उघडायला अर्धा तास, गंजलेला बोल्ट आतल्या रॉडसकट फिरायला लागला तर दीड. सील मिळालं तर मिळालं, साध्या शॉकअपचे बुश सुटे विकत मिळत नाहीत. आणि गिऱ्हाइकाला दुरुस्ती म्हणजे दोनशे रुपयांत हवी असते.

पण घाटवाट यांचं एक म्हणणं शंभर टक्के खरं. 'शॉकअप वाजतोय' म्हणून येणाऱ्या सायकलींत कितीतरी वेळा नुसती वाटी ढिली असते. आवळून देतो, सायकल गप्प होते.

एक कळकळीची विनंती: सीलवर डब्यातला गंज काढायचा स्प्रे मारू नका. त्या दिवशी पाइप सुळकन सरकतो, पण आतलं ग्रीस धुऊन जातं आणि महिन्याभरात पाइप कोरडा घासायला लागतो. सर्व्हिस सेंटरवर प्रेशरचं पाणीही सीलच्या तोंडावर मारून घेऊ नका.

लाल माती

पुण्याकडचे नियम कोकणात चालत नाहीत हो. आमच्याकडे चार महिने पाऊस, वर्षभर खारी हवा, आणि मातीत जांभ्याची भुकटी. साध्या शॉकअपचा पाइप लोखंडी असतो, वर क्रोमचा पातळ थर. सायकल पडवीत उभी राहिली की सीलच्या काठाशी, जिथे ओल अडकते तिथेच, गंजाचे टोचे पडतात. वरून बघताना चार काळे ठिपके दिसतात. पण ते टोचे दर दाबाला सीलच्या ओठावरून कानशीसारखे घासत जातात. नवीन सील घाला, नवीन ग्रीस घाला, पहिल्या पावसातच पाणी आत.

म्हणून आमच्याकडच्या दहापैकी बहुतेक शॉकअपना घाटवाट यांची नखाची परीक्षा लावली की ते तिथेच नापास. ओरखडा एखादाच असेल आणि पाइप ॲल्युमिनियमचा असेल तर इपॉक्सी किंवा नेलपॉलिश भरून २००० नंबरच्या पॉलिशपेपरने सपाट करून चालवतात, ते मी पाहिलंय. गंजाला तो उपाय नाही. गंज क्रोमच्या खालून पसरत जातो.

भोसरी वर्कशॉप

पाइप गंजला म्हणजे संपला असं का? मोटारसायकलच्या शॉकअपचे पाइप आपल्याकडे सर्रास नव्याने हार्ड क्रोम होतात, ग्राइंड करून मापात येतात आणि पुढे वर्षानुवर्षं चालतात. बुशचं तर त्याहून सोपं. लेथवर नायलॉनचा किंवा डेल्रिनचा (हेही एक कठीण प्लॅस्टिक) बुश मापात कातून घ्या. पाइप ३० मिमीचा असेल तर आतलं माप त्याचं, बाहेरचं माप पायाच्या आतल्या भोकाचं. महाराष्ट्रात एमआयडीसी असलेल्या कुठल्याही गावात हे करणारा माणूस सापडेल. आपल्या हाताशी एवढी कारागिरी असताना परदेशातून माल मागवायचा हे मला खटकतं.

घाटवाट

भोसरी, तुमच्या कारागिरीबद्दलच्या प्रेमाशी मी सहमत आहे, पण क्रोमच्या बाबतीत नाही. मोटारसायकलचा पाइप क्लॅम्प सैल केला की सुटा बाहेर येतो. सायकलचे दोन्ही स्टॅन्शन वरच्या क्राउनमध्ये, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या आडव्या तुकड्यात, दाबून बसवलेले असतात, आणि त्याच क्राउनमध्ये हँडलकडे जाणारी नळीही. ते दाबून काढून परत दाबून बसवलं तर ती पकड पहिल्यासारखी राहील याची हमी मी तरी देणार नाही. त्या सांध्यावर माणसाचा जबडा अवलंबून असतो. आख्खा क्राउन क्रोमच्या टाकीत बुडवणं तर सोडूनच द्या.

बुश कातून घ्यायला माझा विरोध नाही, मात्र माप फार काटेकोर लागतं. नायलॉन ओल शोषून फुगतो. कोरड्या दिवशी बरोबर बसलेला बुश श्रावणात पाइपला धरून ठेवतो. डेल्रिन त्या मानाने बरा. आणि दोन्ही पायांतले चारही बुश एका ओळीत बसले नाहीत तर शॉकअप तिरका अडकतो.

लाल माती यांचं बरोबर आहे. पाइपला टोचे असतील तर त्यात एक रुपयाही घालू नये, हे मीही म्हणते. माझा मुद्दा शाबूत पाइपचा आहे.

आता 'राइड' यांच्यासाठी. बदलायचं म्हणता, पण कशाने बदलायचं? जुनी सायकल म्हणजे बहुतेकदा २६ इंची चाक, हेडमधून (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळकांड्यातून) जाणारी नळी सरळ, म्हणजे सव्वा इंचाहून थोडी कमी, नेमकी २८.६ मिमी. पुढचं चाक साध्या क्विक रिलीजचं (खटक्याने सुटणाऱ्या बारीक ॲक्सलचं), आणि कित्येकींना डिस्क नाही, रिम दाबणारा व्ही-ब्रेक. आज चांगले म्हणून जे एअर शॉकअप येतात ते २७.५ आणि २९ इंचाचे, त्यांची नळी खाली दीड इंचापर्यंत रुंद होत जाणारी, ॲक्सल १५ मिमीचा जाड, आणि व्ही-ब्रेकचे खिळे नाहीतच. रुंद नळी जुन्या हेडमध्ये शिरत नाही. जाड ॲक्सल म्हणजे नवा हब, म्हणजे आरे काढून चाक पुन्हा बांधणं. डिस्कचा हब नसेल तर ब्रेकही नवा. शॉकअपपासून सुरू झालेला खर्च सायकलच्या किमतीपुढे जातो, आणि फ्रेम तीच जुनी राहते.

रविवारची राइड

सगळ्या जुन्या सायकली व्ही-ब्रेकच्या नसतात. सात-आठ वर्षांपूर्वीच्या २७.५ आणि २९ इंचीत डिस्क असते, आणि सरळ नळीचे, क्विक रिलीजचे एअर शॉकअप त्या मापात मिळतात. सनटूर कंपनी ते बनवते, रॉकशॉक्सच्या खालच्या श्रेणीतही आहेत. सेकंडहँड बघितले तर परवडतातही. फक्त दोन मापं घेतल्याशिवाय व्यवहार करू नका. पहिलं नळीच्या लांबीचं: हेडट्यूब, वरखालच्या वाट्या, स्पेसर आणि हँडल धरणारा स्टेम, या सगळ्यांची बेरीज. विकणाऱ्याने त्याच्या लहान फ्रेमसाठी नळी कापलेली असली तर तो शॉकअप तुमच्या कामाचा नाही. दुसरं ट्रॅव्हलचं, म्हणजे शॉकअप किती दबतो त्याचं: १०० च्या जागी १२० टाकला की सायकलचं तोंड वर येतं, हेडचा कोन साधारण एका अंशाने पडतो. एवढं चालून जातं. १०० च्या जागी १५० मात्र टाकू नका, हेडच्या वेल्डवर ताण येतो.

साधा चिमटा

तुम्ही दोघेही शॉकअप हवाच असं धरून चाललाय. शॉकअप काढून साधा, न दबणारा लोखंडी चिमटा बसवण्याबद्दल कोणीच बोललं नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत रीपॅकची उतारशर्यत सुरू झाली तेव्हा कोणाच्याही सायकलला आजच्यासारखा शॉकअप नव्हता. रॉकशॉक्सचा पहिला आरएस-१ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८९ च्या सुमारास आला. मधली सगळी वर्षं लोक जाड टायर आणि कोपर सैल ठेवून डोंगर उतरले.

जुन्या एमटीबीवर आज माणूस काय करतो? ऑफिस, टेकडी, कधीतरी शेताडीचा रस्ता. त्याला दीड किलो हलकं पुढचं टोक, कधीही न झिजणारा भाग, आणि दोन इंचाहून रुंद टायरमध्ये थोडी कमी हवा एवढं पुरतं. चढावर उभं राहून पेडल मारताना शॉकअप गिळतो ती ताकदही वाचते.

एकच खबरदारी. शॉकअपच्या सायकलसाठी बनवलेलाच चिमटा घ्या. १०० मिमीच्या २६ इंची शॉकअपची ॲक्सलपासून क्राउनपर्यंतची उंची ४७० मिमीच्या आसपास असते. जुन्या साध्या सायकलचा चिमटा ४०० च्या आसपास. तो बसवला की सायकल नाक खाली करून उभी राहते, हँडल अंगावर येतं आणि उतारावर पुढे फेकल्यासारखं होतं. साधारण ४४० ते ४५० चा शोधा, कारण शॉकअपही माणूस बसल्यावर थोडा खाली गेलेलाच असतो.

लाल माती

चिमट्याला माझं मत. गंजला तर रंग मारता येतो.

रविवारची राइड

ऑफिससाठी मान्य. पण सह्याद्रीचा सुटा दगड आणि पावसाने उकरलेली गाडीवाट यांवर तासभर उतरून बघा. हाताची बोटं बधिर होतात, ब्रेक नीट दाबला जात नाही. हा लाडाचा नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

भोसरी वर्कशॉप

क्राउनबद्दल घाटवाट म्हणतात ते पटलं. वेगळ्या झालेल्या पाइपलाच क्रोम शोभतं. बुशचं माझं म्हणणं कायम आहे. पाइपचं माप मायक्रोमीटरने तीन ठिकाणी घ्या, झिजलेला पाइप मधे बारीक झालेला असतो. मगच बुश काता.

दुकान सांभाळणारा

सुरक्षिततेचा विषय निघाला म्हणून सांगतो. शॉकअप दुरुस्त करा, बदला, काहीही करा, पण एकदा तो हेडमधून पूर्ण खाली काढा. आतली नळी कापडाने पुसा आणि क्राउनला जिथे मिळते त्या गोलाकार कडेवर उजेड पाडून बघा. केसाएवढी रेघ दिसली तर तो शॉकअप कोणालाही विकू नका, फुकटही देऊ नका, करवतीने कापून भंगारात घाला. समोरून आपटलेल्या सायकलीत ही रेघ सापडते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. डिस्क ब्रेक ज्या कानांवर बसतो तेही बघा.

आणि इथून पुढे माझ्याकडे कोणी आलं तर माझी पद्धत अशी राहील. उघडायची मजुरी आधी ठरवायची. गिऱ्हाइकाने समोर उभं राहायचं. पाय खेचल्यावर पाइप त्याच्याच हातात देईन, नख त्यानेच फिरवायचं. पाइप चांगला निघाला तर सफाई-ग्रीस करून परत बसवेन. रॉकशॉक्ससारखी कंपनी खालच्या पायांची सफाई दर ५० तासांच्या रायडिंगनंतर सांगते. आपल्या मातीत निदान पावसाळा संपल्यावर एकदा तरी आणा. पाइप खराब निघाला तर उघडायचे पैसे तरीही लागतील, ते नव्या शॉकअपच्या बिलातून वळते करणार नाही. माझा वेळ गेलेला असतो.

घाटवाट

हे मला मान्य आहे. उघडून बघायचे पैसे द्यायलाच हवेत, ती कुशल मेहनत आहे.

रविवारची राइड

मला नाही. पाइप खराब असण्याची शक्यता एवढी मोठी असेल तर माणसाने उघडायचे पैसे का घालवावेत? सील बोटाने वर उचलून टॉर्चने बघता येतं. तिथेच गंज दिसला तर शॉकअप न उघडताच निकाल लागला.

दुकान सांभाळणारा

सीलखाली दिसतो तो एखादा सेंटिमीटर. बुश जिथे घासतो तो भाग पायाच्या आत, खाली असतो. तिथे क्रोम उडून पितळेसारखा रंग आलेले पाइप मी बाहेरून लखलखीत पाहिले आहेत. टॉर्चने 'नाही' कळेल, 'हो' कळणार नाही.