मदत हवी आहे: वसतिगृहातल्या १७ वर्षांवरच्या मुलांची मतदार नोंदणी

कॉलेजात नवमतदार शिबिर घ्यायचंय. १७ पूर्ण झालेल्यांचा नमुना ६ (नव्या मतदाराचा अर्ज) आगाऊ भरता येतो हे ठाऊक आहे. अर्हता दिनांक चार: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या तारखेला १८ पूर्ण हवीत. वयासाठी दहावीचं प्रमाणपत्र चालतं, तिथे अडत नाही.

घोळ पत्त्याचा. मुलं गावाकडची, आधारवर गावचाच पत्ता आणि वीजबिल वसतिगृहाच्या नावावर. नोंदणी गावी किंवा इथे, पण एकाच ठिकाणी. इथे करायची तर प्राचार्यांचं बोनाफाईड जोडायचं. त्यावर खोली क्रमांकासह पूर्ण पत्ता नसला तर बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला येऊन करणार काय? त्यात सुट्टी असली की खोलीला कुलूप. (गावी नाव आधीच असेल तर नमुना ६ नव्हे, पत्ताबदलाचा नमुना ८. ही चूक हमखास होते.)

तर विचारायचंय:

बीएलओंना वसतिगृहात एकाच दिवशी बोलावून सगळ्यांची पडताळणी कुणी करून घेतली आहे का? पत्र तहसीलदारांना द्यावं की थेट मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना?

आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गावीच नोंदवायला सांगावं का? वर्षभरात खोली सुटणार, ग्रामपंचायतीचं मतदानही गावातच. मला तरी तेच बरं वाटतं.