‘माकडाचा पंजा’ गिरणगावात घडला तर?

साचेवाला_नातू: डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जच्या ‘द मंकीज पॉ’वर (1902) कुणीतरी लालबागेत बेतून मराठी सिनेमा काढा रे. मूळ कथेतही तो पंजा हिंदुस्थानातूनच विलायतेला गेलेला, फकिराने मंतरलेला, तीन इच्छा पुरवणारा. म्हणजे माल आपलाच! मुलगा यंत्रात सापडून जातो आणि आईबापाच्या हातात भरपाई म्हणून बरोब्बर पंज्याकडे मागितलेले 200 पौंड पडतात. मग आईच्या हट्टापायी बाप मेलेला मुलगाच परत मागतो आणि रात्री दारावर थाप पडते. आमचे आजोबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यांना ही गोष्ट सांगितली, तर विडी हातातच विझली. काही बोललेच नाहीत. मला तो भोंगा, ती तिसरी पाळी, तो करकरणारा लाकडी जिना पडद्यावर हवाय. तुम्हाला काय हवंय?

रातराणी: दारापलीकडचं दाखवायचं नाही, बस्स. जेकब्जनेही दाखवलेलं नाही. आई खुर्ची ओढून वरची खिट्टी काढतेय, बाप अंधारात जमिनीवर पंजा चाचपडतोय. तिथे रबरी मुखवटा आला, की मी उठून वडापाव खायला बाहेर.

चिंचपोकळी_स्लो: पण चाळीत रात्री थाप पडली, की आधी शेजारच्या काकू दार उघडतात. त्यांचं काय करणार? 😄

साचेवाला_नातू: च्यायला, हे लक्षातच नाही आलं! शिमगा दाखवू. अख्खा मजला कोकणात, गॅलरी रिकामी, फक्त टोकाचा नळ ठिबकतोय.

रातराणी: हां, जमलं. मग पार्श्वसंगीत नकोच, तो नळच पुरे.