मदत हवी आहे: एनबीएमध्ये (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फ्री एजंट, म्हणजे करार संपलेला मोकळा खेळाडू, घ्यायचा म्हणजे जास्तच पैसे मोजायचे का?

२०१६ च्या उन्हाळ्यातले करार तपासतोय. लॉस एंजेलिस लेकर्स संघानं लुओल डेंगला ४ वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलर दिले, टिमोफे मोझगोव्हला ६.४ कोटी. दोन्ही अंगाशी आले. ही नुसती फसलेली निवड, की या बाजाराची रीतच अशी? करार महाग पडला हे ठरवायचं कशावरून? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
डॉलर बाजूला ठेवा, सॅलरी कॅपचा (संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा) टक्का काढा, तोही दर हंगामाचा वेगळा. डेंगचे वर्षाला सरासरी १.८ कोटी, कॅप ९.४१ कोटी, म्हणजे १९ टक्के. नव्या टीव्ही करारामुळे कॅप एका वर्षात ७ कोटींवरून तिथे पोचली होती. सगळ्यांच्याच हाती एकदम पैसा आला, चांगले खेळाडू मात्र तेवढेच. अशा वेळी ज्या संघाचा अंदाज सगळ्यांत चढा, त्याच्याच पदरात खेळाडू पडतो. त्यात डेंग ३१ वर्षांचा. पैसे मागच्या खेळाचे मोजले, मिळणार होता पुढचा.

प्रतिसाद २
रीत म्हणाल तर अर्धीच खरी. अव्वल खेळाडूला ती लागू नाही, कारण कमाल पगार कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्क्यांवर अडतो. लेब्रॉन २०१८ मध्ये लेकर्सकडे आला तो ३५ टक्क्यांवर. उघड बोली लागली असती तर कितीतरी वर गेला असता. पैसे वाया जातात ते मधल्या फळीवर.

जेलन ब्रन्सनचा करार जरूर बघा. न्यूयॉर्क निक्स, २०२२, वय २५, ४ वर्षांसाठी १०.४ कोटी. तेव्हा बऱ्याच जणांना तो महाग वाटला. पहिल्या वर्षी २.७७ कोटी, कॅपच्या २२ टक्क्यांहून थोडं जास्त. पण करार उतरता होता आणि कॅप चढती, त्यामुळे तिसऱ्या वर्षी १८ टक्क्यांच्याही आत. तोवर तो ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक अव्वल खेळाडूंपैकी) झाला होता. म्हणून करार वाचताना आधी शेवटचं वर्ष काढा: तेव्हा वय किती, टक्का किती.

मूळ प्रश्नकर्ता
धन्यवाद, आता उलगडलं. मग फसलेल्या करारातून संघ सुटतो कसा?

प्रतिसाद १
दोन वाटा, दोन्ही महाग. मोझगोव्हला ब्रुकलिन संघाच्या गळ्यात घालताना सोबत डी'अँजेलो रसेलसारखा तरुण, होतकरू खेळाडू द्यावा लागला. डेंगला १ सप्टेंबर २०१८ ला सोडलं, म्हणजे संघातून काढलं, पण ठरलेला पगार द्यावाच लागतो. तारीख मुद्दाम निवडलेली: ३१ ऑगस्टनंतर सोडलं की चालू हंगामाचा पगार जागेवर राहतो, त्यापुढे उरलेल्या वर्षांची रक्कम त्या वर्षांच्या 'दुप्पट अधिक एक' इतक्या वर्षांत पसरते. उरलं होतं एकच वर्ष, ते तीन वर्षांत गेलं. डेंग लेकर्सच्या मैदानात कुठेच नव्हता, तरी २०२१-२२ पर्यंत दर हंगामी सुमारे ५० लाख डॉलर त्यांच्या कॅपमध्ये त्याच्या नावावर लागत होते.