नाफिऑन वाफेत कमी पाणी घेतं, बुडवलं की जास्त, असं का?

भिजलेला_पडदा: नमस्कार मंडळी, एमएस्सी प्रोजेक्टला नाफिऑन ११७ (प्रोटॉन आरपार जाऊ देणारा प्लास्टिकचा पडदा) घेतलंय. एक तुकडा बंद डब्यात पाण्याच्या वर टांगला, म्हणजे आर्द्रता जवळपास १००%, दुसरा सरळ पाण्यात बुडवला. वजन स्थिर झालं तेव्हा टांगलेल्यानं कोरड्या वजनाच्या २३% पाणी घेतलं होतं आणि बुडवलेल्यानं ३६%. तापमान सारखंच, मग संपृक्त वाफ नि पाणी यांचं केमिकल पोटेन्शियल (पाण्याची पडद्यात शिरायची ओढ) पण सारखंच ना? गाईड म्हणतात डबा गळतोय. पुढे मिथेनॉल पण करायचंय, त्यात काय सांभाळू?

आयनवाला: गळत बिळत नसावा, आकडे अगदी पुस्तकी आलेत 😀 इक्विव्हॅलंट वेट (एक मोल सल्फॉनिक गटांमागे कोरड्या पडद्याचे ग्रॅम) ११०० धर, ३६% म्हणजे पाणी धरणाऱ्या दर सल्फॉनिक गटामागे पाण्याचे २२ रेणू, २३% म्हणजे १४. वाफेत कमी नि पाण्यात जास्त, या फरकाला श्रोडर पॅरॉडॉक्स म्हणतात, १९०३ साली श्रोडरनं जिलेटिनमध्ये बघितलेलं (मांजरवाला श्रोडिंगर वेगळा!). बरेच जण म्हणतात की वाफेत पडद्याचं टेफ्लॉनसारखं अंग पृष्ठभागावर येतं आणि ते पाण्याला दारातच अडवतं, बाहेर पाणीच असलं की सल्फॉनिक गट बाहेर वळतात.

जुना_लॅबवाला: पॅरॉडॉक्स नंतर, आधी सांग दोन्ही तुकडे एकत्र उकळलेले का? पेरॉक्साइड, पाणी, सल्फ्युरिक, परत पाणी, हे एकाला झालं आणि दुसऱ्याला नाही तर तुलनाच गेली. १०५ डिग्रीला व्हॅक्यूममध्ये सुकवलेलं नाफिऑन नंतर साध्या पाण्यात टाकलं तरी २२ पर्यंत पोचत नाही, उकळावं लागतं. दुसरं म्हणजे १०० टक्के आर्द्रतेजवळ घेतलेल्या पाण्याचा वक्र एकदम उभा चढतो, पडदा पाण्यापेक्षा पाव डिग्री जरी गरम असला तरी आर्द्रता दीड टक्क्यानं खाली येते, त्यामुळे तुझे १००% खरे ९८ असू शकतात. माझं मत, निम्मा पॅरॉडॉक्स इथेच विरघळतो.

भिजलेला_पडदा: उकळलेले दोन्ही एकत्रच सर. डबा आता वॉटर बाथमध्ये ठेवतो. वजन वाढतानाच्या नोंदी आहेत, त्यावरून डिफ्युजन काढता येईल?

जुना_लॅबवाला: पाण्यातल्याचं एकवेळ चालेल, वाफेतल्याचं लगेच काढू नकोस. नाफिऑन २१२ चा तुकडा पण घे, तो ५० मायक्रॉनचा, तुझा साधारण १८० चा. निव्वळ डिफ्युजन असेल तर वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे बारा-तेरा पट. साडेतीन पटच वाढला तर अडथळा पृष्ठभागावर आहे. पाणी सोडताना पण मोज, सोडणं घेण्यापेक्षा बरंच लवकर होतं.

मिथेनॉल_पीडित: मिथेनॉलचं मी सांगते. नुसत्या वजनावरून आत पाणी किती नि मिथेनॉल किती ते कळत नाही, आतलं द्रावण काढून जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) कर नाहीतर एनएमआर, दोन्हींत घटक वेगवेगळे मोजता येतात. टिपकागदानं पुसेपर्यंत उडतं ते वेगळंच, म्हणून झाकणाची बाटली आधीच तोलून ठेव. आणि फ्युएल सेलमध्ये (इंधनापासून थेट वीज करणाऱ्या सेलमध्ये) मिथेनॉल पडद्यातून नुसतं डिफ्युजननं जात नाही, प्रोटॉन पाणी ओढतात तसं त्याच्यासोबत मिथेनॉल पण ओढलं जातं, भिजलेल्या पडद्यात दर प्रोटॉनमागे पाण्याचे अडीचेक रेणू जातात. पलीकडे कॅथोडवर ते जळतं आणि व्होल्टेज पडतं, म्हणूनच तर डीएमएफसीत (थेट मिथेनॉलवर चालणाऱ्या फ्युएल सेलमध्ये) अजून जाड ११७ वापरतात आणि मिथेनॉल १-२ मोलरच ठेवतात.