परदेशी सैनिकाचा गुन्हा: खटला कुणी चालवायचा?

होळकरी, इंदूर
३ फेब्रुवारी १९९८. इटलीत कावालेसेजवळ अमेरिकी मरीन कोअरच्या विमानाने केबल कारची तार तोडली, २० माणसं गेली. मर्यादा किमान २,००० फुटांची, विमान होतं साधारण ३६० फुटांवर. इटलीच्या कोर्टाने सांगितलं, नाटो करारानुसार खटल्याचा पहिला हक्क अमेरिकेचा. अमेरिकेच्या कोर्ट मार्शलने, म्हणजे लष्करी कोर्टाने, १९९९ मध्ये वैमानिकाला मनुष्यवधातून सोडलं. सहा महिने कैद आणि बडतर्फी झाली ती उड्डाणाची व्हिडिओ टेप नाहीशी केल्याबद्दल. पुरावा ज्यांच्या हातात, न्यायही त्यांच्याच हातात! माणूस जिथे मेला तिथल्याच कोर्टात खटला चालला पाहिजे. इंदूरला हे परकं नाही. १८१८ च्या मंदसोर तहानंतर महूत छावणी बसली, आणि गोऱ्या ब्रिटिश प्रजाजनाला होळकरांच्या अदालतीत उभं करता येत नसे.

महूकर
तुलना चुकली. होळकरांना गोऱ्यावर हातच टाकता येत नव्हता. १९५१ च्या नाटो कराराचं ७ वं कलम वाटणी करतं: ड्युटीवरचं कृत्य किंवा आपल्याच सैन्याविरुद्धचा गुन्हा असेल तर पाठवणाऱ्या देशाचा पहिला हक्क, बाकी बहुतेक यजमान देशाचा. आणि कोर्ट मार्शल म्हणजे सूट नव्हे. मार्च २०१२ मध्ये कंदाहारजवळ १६ गावकऱ्यांना मारणाऱ्या अमेरिकी सार्जंटला पॅरोलविना जन्मठेप झाली. आपल्या आर्मी ॲक्टचं कलम ७० बघा. नागरिकाचा खून एरवी कोर्ट मार्शलपुढे येत नाही, पण जवान भारताबाहेर असेल तर येतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांतही सैनिकावरचा फौजदारी अधिकार त्याच्याच देशाचा. काँगोत किंवा दक्षिण सुदानमध्ये आपला जवान तिथल्या कोर्टाच्या हवाली करायचा का?

जुनी इंदौर
तुम्ही दोघं कोर्टावर भांडताय, गोची त्याच्या आधीच होते. ड्युटीवर होता असा दाखला देतं कोण? त्याचेच वरिष्ठ. जून २००२ मध्ये दक्षिण कोरियात अमेरिकी चिलखती गाडीखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या. गाडी ड्युटीवर, म्हणून प्रकरण अमेरिकी कोर्ट मार्शलकडे. नोव्हेंबरमध्ये दोघंही सैनिक निर्दोष.

मग ताबा. सप्टेंबर १९९५ मध्ये ओकिनावात १२ वर्षांच्या मुलीवर तीन अमेरिकी सैनिकांनी अत्याचार केला. करारानुसार आरोपी अमेरिकेच्या हातात असतील तर जपानने आरोपपत्र दाखल करेपर्यंत तिथेच राहणार. पहिल्या काही दिवसांत जबाब जुळवले जातात, खुणा पुसल्या जातात, आणि नेमके तेच दिवस पोलिसांच्या हातून जातात. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा खून-बलात्कारात आधी ताबा देण्याचा ‘सहानुभूतीने विचार’ करायचं ठरलं. बंधन नाही, विचार. फिलिपिन्सच्या करारात तर वर्षाची मुदत आहे: खटला वर्षात संपला नाही तर आरोपीला हजर करण्याची अमेरिकेची जबाबदारी सुटते. तारखा वाढवणाऱ्या वकिलाला आणखी काय हवं?

होळकरी, इंदूर
ताब्याचं मान्य. पण १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या किनाऱ्यापासून २०.५ सागरी मैलांवर इटालियन नौसैनिकांनी आपले दोन मच्छीमार मारले, तेव्हा आरोपी आपल्याच हातात होते. काय झालं? केरळचा अधिकार आहे की केंद्राचा, यातच महिने गेले. खटला उभाच राहिला नाही. २०२० मध्ये हेगच्या लवादाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्या नौसैनिकांना भारतातल्या खटल्यापासून संरक्षण दिलं. १० कोटी भरपाई, चार-चार कोटी दोन्ही घरांना, दोन बोटमालकाला. जानेवारी २०२२ मध्ये रोममध्येही प्रकरण बंद. गोळी कुणाच्या हुकमाने सुटली, हे कुठल्याही कोर्टात उलटतपासणीत आलं नाही.

महूकर
दाखला यजमान कोर्टाने तपासावा, याला माझी हरकत नाही. पण जवान माझ्या देशाच्या कायद्याखालीच राहील. फार तर कोर्ट मार्शल घटना घडली तिथेच बसवा. कलम १२४ प्रमाणे आपल्याकडे ते कुठेही बसू शकतं.

जुनी इंदौर
मग मृताच्या घरच्यांना तिथे आपला वकील उभा करता येईल, हेही करारात लिहा. कंदाहारचे गावकरी अमेरिकेत नेले ते फक्त साक्षीसाठी.